खाली मनी

उद्यमबागेत चोवीस वर्षं
मी वाळूच ओळखत आलोय.
मुठीत दाबायची, मूठ उघडायची.
बोटांचे ठसे राहिले तर साचा धरणार,
ढासळली तर बेंटोनाइट कमी.
काळी, जळकी वाळू, घामाला चिकटणारी.
भारता म्हणते, उशीच्या अभ्र्यावर तुमचा कारखाना.

केरीच्या किनाऱ्यावर मूठ दाबली
तर ती बोटांतून निघूनच गेली.
ओतकामाला कवडीच्या मोलाची:
शिंपल्यांचा चुरा, मीठ,
आणि कसलेतरी बारीक पाय.
जाळं सांधत बसलेल्या बाईनं विचारलं,
"रेंव कित्याक व्हरता?"
म्हटलं, घरात काचेची पेटी आहे, तिच्या तळाला.
ती हसली नाही.
"मात्शी व्हर. सगळी न्हय."

म्हणून मात्शीच आणली.
दोन डबे ओली वाळू,
कमरेएवढ्या पाण्यात जाऊन भरलेले पाच कॅन,
शेवाळ धरलेला एक दगड
आणि शोभेला सहा रिकामे शंख.

चोर्ल्याचा घाट चढताना
ओम्नीत मागं समुद्र डचमळत होता.
भरमा म्हणाला, "सावकाश घेतो की, भरती येईल."

कणकुंबीच्या नाक्यावर हात आडवा.
गोव्याकडून येणाऱ्या कॅनमध्ये काय असतं
हे नाक्याला पाठ.
"एन् ऐती इद्राग?"
"नीर री. समुद्रद नीर."
बसलिंगप्पानं (नाव छातीच्या पट्टीवर)
बूच काढलं, वास घेतला, पटेना;
बोट बुडवून जिभेला लावलं
आणि रस्त्याकडेला थुंकला.
"उप्पु!"
भरमाला शिवीच दिल्यासारखा.
डब्यावर काठी वाजवली. "मत्त इदु?"
"उसुक."
डोकं फिरलेल्यांना सोडतात तसं सोडलं.

तिथंच कुठंतरी मलप्रभा उगवते
आणि जवळच्या समुद्राकडं पाठ करून
लांबचा गाठायला निघते.
माझं तिला काही म्हणणं नाही.

आठ दिवस पाणी गढूळ. मग निवळलं.
लाईट गेली की सायकलचा पंप घेऊन
मी नळीतून हवा मारत बसायचो.
अशाच एका रात्री तळाशी टकटक.
सहातला एक शंख चालत होता.

रिकामा म्हणून उचललेला. आत कोणीतरी होतं,
घाट, नाका, थुंकी,
सगळं पाय आखडून ऐकत आलेलं.
भारता म्हणाली, "विचारलं होतंत त्याला?"

दिवाळीपर्यंत तो शंखात मावेना.
उरलेल्या पाचांत नांगी घालून बघायचा,
एकही मापाचा नाही.
मी व्हर्नियरनं माप घेतलं.
जेवणाच्या सुट्टीत लाकूड घासून पॅटर्नही केला,
पण बीड खाऱ्या पाण्यात गंजतं, पितळ विष सोडतं.
चोवीस वर्षं पंप ओतले, व्हॉल्व्ह ओतले,
एका खेकड्याला राहायला जागा ओतता येईना.

परत घाट. परत केरी.
जाळंवाली दिसली नाही.
अकरा शंख, एकेक उन्हात धरून,
आत कोणी नाही ना, तीनतीनदा बघून.

नाक्यावर तोच. ओळखलं त्यानं.
"मत्त नीर?"
पिशवी उघडली, मोडक्या कन्नडात म्हटलं,
"खाली मनी री."
त्याच्याकडं मनी म्हणजे घर.
आमच्याकडं मनी म्हणजे मनात.
एक शंख त्यानं बोटावर टोपीसारखा चढवला,
कपाळावरची आठी तशीच ठेवून विचारलं,
"बाडगी एष्ट?"
भाडं किती, म्हणे.

रात्री अकराच्या अकरा पेटीत सोडले.
तो एकेकाच्या दाराशी गेला,
कड चाचपली, आतली वाळू उकरून बाहेर टाकली,
आमच्या इन्स्पेक्शनवाल्यासारखा नापास करत गेला.
पहाटे बघतो तर
सगळ्यात खरबरीत, टवका उडालेल्या शंखात.

मी कामाचा शर्ट चढवला.
जुना शंख तळाला आडवा पडला होता,
तोंडाशी चिमूटभर वाळू.