दाताळं

हेस्टिंग्जच्या किनाऱ्यावर वाळू नाही.
गोटे आहेत, मुठीएवढे.
लाट मागे हटताना
कुणी हरभऱ्याचं पोतं उपडं करावं तसे खडखडतात.
म्हणून वाळू मागवली, अठ्ठावन्न ट्रक,
धुतलेली, चाळलेली,
शिंपल्याची कपची निघाली तर कंत्राटदाराला दंड.
पोटरीभर जाड पसरली,
चहूबाजूंनी फळ्या ठोकल्या
आणि म्हणाले, झाला बीच.

मी बाराव्या मिनिटानंतरचा माणूस.
बारा मिनिटं खेळ, तीन मिनिटं दम खाणं,
पुन्हा बारा, पुन्हा तीन.
त्या तीन मिनिटांत मी आणि पिल्बीम
दाताळी घेऊन आत पळतो.
टाचांचे खड्डे, घसरल्याच्या लांब रेघा,
गोलकीपर आडवा झाला तिथली
अख्ख्या माणसाची खाच,
सगळं सारखं करायचं.
वडलांचं दाताळं बाभळीचं होतं, हे ॲल्युमिनियमचं.
खळ्यावर ते जे फुकट करत
ते मी तासाला तेरा पौंडांनी करतो.

पिल्बीम म्हणतो, छान ओढतोस, कुठे शिकलास?
जतला.
बीच आहे का तिथे?
आहे, म्हणतो मी. पाणी तेवढं नाही.

आज पराग्वे आणि ओमान, तिसऱ्या नंबरासाठी.
पराग्वेला समुद्र नाही, मी नकाशात बघितलं,
दोनदा बघितलं,
तरी ही पोरं वाळूत अशी पळतात
जशी आमच्याकडची तापल्या डांबरावर:
पाय टेकायच्या आत उचललेला.

चार-चार झाले.
या खेळात बरोबरी नावाची गोष्ट नाही.
कुणीतरी हरल्याशिवाय
आम्हाला आत सोडत नाहीत.

जादा वेळात त्यांच्या सात नंबरला पाडलं.
एलिहिओ इन्स्फ्रान, पाठीवर लिहिलंय.
इथला नियम असा की पाडलं ज्याला, किक त्यानंच घ्यायची,
आणि समोर भिंत उभी करायची नाही कुणी.
तो लंगडत आला.
गुडघ्यांवर बसला.
दोन्ही हातांनी वाळूची ढिगुळी केली, थोपटली,
चेंडू ठेवला, मान तिरकी करून पाहिलं,
चेंडू काढला, ढिगुळी मोडली,
पुन्हा केली.
ओमानचा गोलकीपर हातमोजे चावत होता.
दोन हजार माणसं आणि एक कुरव
एवढ्याशा उंचवट्याकडे बघत गप्प.

आडवी दांडी.
तो आवाज मला अजून ओळखता येईल.
परतलेला चेंडू कुणाच्या छातीवर, तिथून हवेत,
आणि पलीकडच्या टोकाला ओमानचा एक काटकुळा पोरगा
पाठीवर पडता पडता मारून मोकळा.
पाच-चार. सात सेकंद उरली होती,
ती कुणी खेळलंच नाही म्हणा.

एलिहिओ फळी ओलांडून समुद्राकडे निघाला.
गोट्यांवर पहिलं पाऊल पडलं
आणि आठवडाभर वाळू फाडणारे ते पाय
ओल्या शेणात अडकलेल्या कोंबडीगत
एकेक उचलायला लागले.
बाकड्यांवरून कुणी हसलं.
तो थांबला, वळून पाहिलं, मग तोही हसला,
पण पुढेच गेला, दोन्ही हात पसरून,
आई गं आई गं असंच काहीतरी म्हणत
त्याच्या भाषेत.

पिल्बीमनं वाकून आपले रबरी बूट काढले
आणि एकेक करून फेकले त्याच्याकडे.
अकरा नंबरचे.
ते घालून तो पाण्यात शिरला,
लाट बुटांच्या काठावरून आत गेली
तरी हलला नाही.

सहाला फायनल.
मी आत गेलो, कोपऱ्यापासून सुरुवात केली.
ती ढिगुळी शेवटी ठेवली.
शेजारी डाव्या पायाचा ठसा होता,
अंगठा खोल रुतलेला.
सोमवारी ही वाळू घोड्यांच्या रिंगणात जाणार आहे,
करार झालाय.
मी दाताळं उलटं धरलं, पाठीनं फिरवलं,
तसंच फिरवायचं असतं शेवटचं.

पिल्बीम मोज्यांवर उभा, एक मोजा फाटका,
किनाऱ्याकडे डोळे बारीक करून म्हणाला,
देईल ना रे तो परत?