कपाटामागे

भिंतीपासून कपाट ओढण्याआधी
मी त्याच्या पाठीवर तीनदा टकटक करतो.
नाउएल हसतो. एकोणीस वर्षांचं नवं पोरगं,
त्याला वाटतं, रोमिल्यो म्हातारा देवभोळा आहे.

कुरिकोतली अर्धी घरं मी उचलून
दुसरीकडे नेऊन ठेवली आहेत :
पियानो, अर्धवट शिवलेला लग्नाचा झगा,
एकदा तर जिवंत बोकड.
घरातला सर्वांत जुना भाडेकरू
कपाटामागे राहतो, हे मला कुणी शिकवलं नाही.

काल अंगणात पोरगं किंचाळलं.
तळहाताएवढा, केसाळ,
शरद लागला म्हणून मादी शोधत निघालेला.
आम्ही त्याला पोयीतो म्हणतो, कोंबडीचं पिलू.
खराट्याने वाट दाखवली, गेला बिचारा.

अरे, तो नव्हे.
छताच्या कोपऱ्यात काड्यांसारख्या पायांवर
हात लावताच थरथरतात, तेही नव्हेत.
भ्यायचं ज्याला, तो दिसायला काहीच नाही :
पेन्सिल तासल्यावर पडणाऱ्या सालीचा रंग,
पाठीवर पुसट व्हायोलिन,
असलं तर असलं. त्याच्यावर विसंबू नकोस.

डोळे सहा, दोन-दोनच्या जोड्या.
“पण मोजायला जवळ जायचं?”
आधी पेल्याखाली धरायचा, गाढवा.
आणि त्याला खाणारा तो पट्ट्यापट्ट्यांचा वाघ,
त्यालाही सहाच असतात, तेव्हा गोंधळशील.
मग पाय बघ, चाल बघ.
सुसाट पळाला तर कोपऱ्यातला.
लांब बारीक पायांवर, सरकारी कचेरीतल्यासारखा
रेंगाळत चालला, तर वाघ. त्याला मारू नकोस.

माझ्या मांडीवर नाण्याएवढा खड्डा आहे.
एका सकाळी पँट न झटकता चढवली, एवढंच.
चावल्याचं कळलंही नाही. दुपारी पोटभर जेवलो.
रात्री जांभळं, तिसऱ्या दिवशी काळं.
इस्पितळातली नर्स रोज एकच विचारायची,
लघवीचा रंग काय?
कोकसारखा झाला नाही, म्हणून आज कपाटं ओढतोय.

तर आजचं घर, दोन्या एर्मोसिनाचं.
दाराआड खिळ्याला नवऱ्याचा लोकरी कोट,
अकरा वर्षं तिथेच.
“झटकू नका,” ती म्हणाली. “वास जाईल.”
मी म्हणालो, बाई, न झटकता मी उचलत नाही.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तिनेच तो काढला, हात लांब धरून,
आणि एकदाच, उशीचा अभ्रा झटकावा तसा.

बाहीतून पडला.
सालीच्या रंगाचा. पळाला.
नाउएलचा बूट माझ्या आधी पोचला.

तिने कॉलरला नाक लावलं.
“धूळ,” म्हणाली. “नुसती धूळ.”
मग कोटाकडे पाहून, जरा रागानेच :
“आणि मी रोज रात्री याला शुभरात्री म्हणत होते.”

दिव्याच्या वर वाघ होता, हलला नव्हता.
तो तिला हवा होता.
लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला
तिने स्वतः खिळ्याने भोकं पाडली,
त्याच खिळ्याने.

ट्रकमध्ये ती माझ्या शेजारी, मांडीवर बरणी.
कोट मागे, गाद्यांखाली.
नव्या फ्लॅटला भिंती गुळगुळीत, पांढऱ्या.
पलंग भिंतीपासून हातभर लांब ठेवा,
चादर जमिनीला टेकू देऊ नका, मी सांगितलं.
ती मान डोलावत होती, ऐकत नव्हती.
कपाटामागे बरणी आडवी केली, झाकण काढलं.

वाघ आतच बसून राहिला.
आम्हाला चार वाजता दुसरं घर होतं.
लिफ्टमध्ये नाउएलने बाह्या झटकल्या,
दोन्ही,
आणि बुटाचा तळवा बघितला.