लाल नाणी

दर मंगळवारी मी पेट्या उघडतो.
एकोणीस ज्यूकबॉक्स. रुळांच्या अलीकडे अकरा, पलीकडे आठ.
ओहायोतलं पोलादाचं गाव, वाळत घातलेल्या चादरीसुद्धा
संध्याकाळपर्यंत काळवंडतात.
किल्ली फिरवली की काच वर होते,
आतून येतो तापलेल्या तारांचा वास,
थोडा सिगारेटचा, थोडा सांडलेल्या बिअरचा.

प्रत्येक तबकडीमागे एक दातेरी चाक आहे,
गाणं वाजलं की एक घर पुढे.
लोक विचारतात, काय रे काझिमिर, गाणं चालतं कशानं?
चाल चांगली म्हणून?
जशी काही मलाच वरून तार येते.
मी म्हणतो, चालतं म्हणजे कुणीतरी चालवतं.
मग ते हसतात, आणि मी स्क्रू घट्ट करतो.

मालक मला पाकिटातून नाणी देतो,
बायकोच्या नेलपॉलिशनं लाल केलेली.
मी ती हॉटेलवाल्यांना वाटतो:
दुपारी जागा ओस पडली की टाका एखादं,
शांततेत माणूस पाय टाकत नाही.
महिनाअखेर लाल नाणी वेगळी काढून मालकाकडे परत.
खोटी नाहीत ती, खणखणीत आहेत,
फक्त खिसा त्याचाच.

चाकाला रंग दिसत नाही.
लाल नाण्यानंही ते एक घर सरकतं.
आकडा मी वहीत उतरवतो, वही शिकागोला जाते,
शिकागोहून यादी येते:
या आठवड्यात देशाला काय आवडलं.
देश यादी वाचतो
आणि म्हणतो, अच्छा, आपल्याला हे आवडतं तर.

रुळांपलीकडे लुशस पीकचा बार.
तिथे एक तबकडी महिन्याभरात राखाडी पडली,
सुईनं खरवडून खरवडून.
एक बाई गाते तिच्यावर. आवाजात रेती,
दोन ओळींमध्ये तिनं घेतलेला श्वास ऐकू येतो.
सहा महिन्यांनी तेच गाणं अलीकडच्या अकरा पेट्यांत आलं.
चाल तीच, शब्द तेच,
गाणारा मात्र भांग पाडलेला एक गोरा पोरगा,
श्वास पुसून टाकलेला.
लुशसनं विचारलं, तुमच्याकडे कसं चाललंय ते?
म्हटलं, धो धो.
तो ग्लास पुसत राहिला.
ग्लास कधीच स्वच्छ झाला होता.

त्या हिवाळ्यात मी एक चूक केली. मुद्दाम म्हणा.
वेल्मा हडसेकच्या डायनरमध्ये
चिठ्ठी पोराच्या नावाची तशीच ठेवली
आणि आत बाईची तबकडी बसवली.
रात्रपाळी सुटलेले लोक येत, डबे टेबलावर आपटत,
बटण दाबत, आणि काटा हातात धरून थांबत.
कुणी तक्रार केली नाही.
वेल्मा एवढंच म्हणाली, पोराला सर्दी झालीय वाटतं,
बरंच झालं.
दोन आठवड्यांत चाक दुप्पट फिरलं.
वहीत मात्र ते सगळे आकडे
पोराच्याच नावापुढे लिहावे लागले.
तसा रकानाच होता.

आणि एक राहिलंच.
नदीकाठच्या खानावळीत, खालच्या रांगेत सातवं बटण.
जुना वॉल्ट्झ, अकॉर्डियनवर. कुणाला नाव माहीत नाही.
नियम असा: आठवड्याला दहाच्या खाली गेलं की काढायचं.
त्याचे नेहमी चौदा.
चौदा माणसं, असं मी समजत होतो.
मग एका शनिवारी बघितलं:
एकच म्हातारा, श्टेफान, भट्टीत हाताची दोन बोटं गेलेला,
रोज दोनदा येतो, दोनदा नाणं टाकतो,
कॉफी गार होऊ देतो.
चाकाला तेही कळत नाही,
चौदा जणांनी एकदा ऐकलं
की एकानं चौदा वेळा.

परवाच्या मंगळवारी चाक चारवर थांबलेलं.
खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली.
मी काही विचारलं नाही, मालकिणीनं काही सांगितलं नाही.
तबकडी अर्धी बाहेर काढली,
पुन्हा आत सरकवली.
अंगठ्यानं चाक ढकललं: पाच, सहा,
चौदापर्यंत.

वहीत लिहिलं.
वही शिकागोला गेली.