डावीकडून दुसरी

विद्यापीठाच्या पहिल्या पानावर
डावीकडून दुसरी, ती मी.
हातात उघडं पुस्तक, हिशेबशास्त्राचं.
मी शिकते यंत्रं.
पुस्तक फोटोग्राफरच्या पिशवीतलं,
आत त्याच्या घरची यादी विसरलेली :
खबूस, तेल, बाळाचे डायपर.
तीच वाचत होते,
म्हणून चेहरा इतका अभ्यासू आलाय.

'हसा,' तो म्हणाला, 'एकमेकांकडे बघून.'
आम्ही चौघं त्या सकाळीच भेटलो होतो.
नायजेरियाचा चिदुबेम, कझाकस्तानची आयगेरिम,
चौथ्याचं नाव विचारायचं राहिलं.
जून महिना, साडेसातलाच शारजा तापलेलं,
आणि आयगेरिमला स्वेटर,
कारण माहितीपत्रकात बारा महिने थंडी असते.
हिरवळीवर पाणी मारणाऱ्या रफीकुलला
जरा बाजूला हो म्हटलं.
तो झाला.
पाईप राहिला.

फोटोखाली ओळ :
'ऋतू के., आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी, भारत.'
ऋतुगंधा खेडेकर चौकटीत मावेना.
भारत म्हणजे दोन वर्षांतून एकदा
गुहागरला आत्याकडे एकवीस दिवस,
जिथे घाईत माझ्या तोंडून 'यल्ला' निघतं
आणि आतेभावंडं सुट्टीभर तेच धरून बसतात.
जन्मले तो दवाखाना
विद्यापीठाच्या फाटकापासून तीन सिग्नल.
बाबांचं एसी दुरुस्तीचं दुकान त्याच्याही अलीकडे;
पाटीवर नाव दुसऱ्याचं,
शटर मात्र सव्वीस वर्षं बाबाच उघडतात.

आईने फोटो डीपीला लावला.
आत्याने विचारलं, 'पोरगी छान दिसते,
पण शेजारचा कोण?'
आईने चिदुबेमला कापलं.
माझ्या ओढणीवर पडलेली त्याची सावली
तेवढी कापता आली नाही.

दर वर्षी परवान्यासाठी दुसरा फोटो :
पांढरी भिंत, कान दिसू द्या, हसू नका.
हा मला चांगला जमतो.
यंदा अर्जात एक रकाना जास्तीचा होता,
शिक्षणानंतर परत जाण्याचा पत्ता.
खिडकीतल्या बाईने पेन टेबलावर दोनदा वाजवलं.
मी आत्याचा पत्ता लिहिला,
पिनकोड आठवेना, अंदाजाने टाकला.

चिदुबेम दुसऱ्या सत्राची फी
भरता भरता राहिला.
वसतिगृहात एक केटल आणि दोन उशा सोडून
एनुगूला गेला, काकाच्या सिमेंटच्या गोदामात.
महिन्यातून एकदा त्याचा मेसेज येतो :
'अजून हसतोय का मी?'
मी पान उघडून बघते.
'हसतोयस,' कळवते.
'फी माफ झाली वाटतं,' तो लिहितो,
पुढे तीन हसरे चेहरे.

गेल्या सोमवारी पान बदललं.
नवे चौघं, नवं पुस्तक, तोच स्वेटर.
वरचा आकडा वाढलाय,
आता आम्ही त्र्याण्णव देशांतून येतो.
मी कुठल्या रस्त्याने आले
ते अजून नीट सांगता येत नाही मला,
बसने, बहुतेक.
हिरवळ तेवढी जुन्या फोटोतली ठेवलीय.
मोठं करून पाहिलं तर
उजव्या कोपऱ्यात पाईप आहे,
आणि त्याच्या तोंडाशी
बशीएवढी ओल.

चिदुबेमला अजून
कळवलेलं नाही.