घोयऱ्याची सोय

होटगी रोडवर, उसाच्या ट्रॉलीमागं
सापडला तो मला,
मागचा उजवा पाय चिरडलेला.
वनखात्याचे निंबर्गी म्हणाले,
थंडी सरेपर्यंत ठेवा बाई तुमच्याकडंच,
आमच्या खोलीत बल्ब नाही,
बल्ब आणला तर लाइट नाही.
एका कागदावर सही घेतली.
त्यात एक रकाना होता : प्राण्याचे नाव.
मी लिहिलं, घोयरा.
ते म्हणाले, जातीचं नव्हे ओ, हाक मारायचं.
म्हटलं, हाकेला येत नाही तो.

आता ऐन पौषात सिरसिल्ल्याला निघायचंय,
आत्याचं दिवसकार्य. नऊ दिवस.
पिशवी भरायला अर्धा तास लागला,
याची सोय लावायला चार दिवस.

शेजारच्या शकुंतला म्याकल दारातूनच म्हणाल्या,
सकाळी उठून त्याचं तोंड बघायचं?
सुनेला सातवा लागलाय आमच्या.
भाचा म्हणाला, ठेवतो की,
आणि त्याच दमात,
टीव्हीपुढं ठेवला तर रंगीत होतो का गं?
त्याला नाही दिला.
गुरांच्या डॉक्टरनं म्हशीचं विचारलं.

शेवटी राजेशम.
अशोक चौकामागच्या डाईंगमध्ये
रात्रपाळीला बॉयलर बघतो,
कोपरापर्यंत निळा. बायकोसुद्धा म्हणते,
लग्नात हळद लागली नव्हती याला, नीळ लागली होती.
म्हणाला, त्या भिंतीला टेकवलेली माझी किटली
पहाटेपर्यंत गरम राहते अक्का,
तुझा सरडा का नाही राहायचा?

मी कागदावर लिहून नेलं होतं, वाचून दाखवलं :
वाटीत पाणी ठेवू नकोस,
साठलेलं पाणी त्याला पाणी वाटत नाही.
पानांवर शिंपड. थेंब हलला की जीभ येते.
नाकतोडे डब्यात आहेत, झाकणाला भोकं पाडलीत.
बल्ब वीतभर लांब.
हातात घ्यायचा नाही, कितीही माया आली तरी.
काळवंडला तर गारठला समज,
फिकट पडला तर झोपलाय,
आणि गर्द हिरवा झाला तर…
राजेशम म्हणाला, कागद ठेव, पोराकडून वाचून घेतो.
रंगाचं मला सांगू नको.

सिरसिल्ल्यात आत्याच्या मागावर
अर्धं विणलेलं लुगडं तसंच होतं.
त्याला पाठ लावून मी रोज रात्री फोन घ्यायची.
आज मेंदी, दुसऱ्या उकळीची.
आज पोपटी. कच्चा, धुतला तर जाईल असला.
आज पहाटे काळा पडला होता. सल्फर काळा नव्हे,
कोळशाची भुकटी असते ना, तसा.
गोणपाट टाकलं भोवती. आठाला उतरला.
आत्याकडं जमलेल्या बायका गप्प होऊन ऐकायच्या.
एकीनं विचारलं, कोण आजारी आहे?

सहाव्या दिवशी म्हणाला,
गड्ड्याची सुट्टी पडली अक्का, बॉयलर थंड.
मी उभी राहिले.
मग?
मग काय, शेगडी पेटवून बसलो दोघं.
हातात घेतलास?
नाही नाही.
टोपीत घेतला.

परतले तेव्हा स्टेशनवर धुकं होतं,
रिक्षावाला कानाला मफलर बांधून झोपलेला.
तशीच पिशवीसकट डाईंगवर गेले.
जास्वंदीच्या फांदीवर तो बसला होता,
तीन पाय आणि एक आखडलेला,
अंगावर मला नाव न सुचणारी कसलीशी छटा.
एक डोळा फिरला माझ्याकडं.
दुसरा बॉयलरच्या दारावर होता,
तो तिथंच राहिला.

पैसे राजेशमनं घेतले नाहीत.
फाल्गुनात सोडायला नेशील तेव्हा मला हाक मार, एवढंच.
नाकतोडे केव्हाच संपले होते.
रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून
धुऊन, वाळवून, त्यात शेंगाचटणी भरून दिली बायकोनं,
आणि झाकणाची भोकं
त्यानं मेणबत्तीच्या मेणानं
एकेक करून बुजवली होती.