ना हरकत

गाडी विजापूरची. पांढरी, नऊ वर्षांची,
डाव्या दाराला कशाचा तरी जुना ओरखडा.
मालक गुरुपादप्पा बिरादार, बसचे निवृत्त कंट्रोलर.
भाव करताना ते कानडीत एक आकडा बोलले,
मी मराठीत दुसरा,
नीलव्वांनी मधे ताकाचे दोन तांबे आणून ठेवले
आणि दोन्ही आकडे तिथंच कुठंतरी भेटले.

येताना टाकळीचा पूल.
भीमेत पाणी असं नव्हतंच,
म्हशी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात
पोट ओलं न करता जात होत्या.
त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मला विचारलं.
आरटीओबाहेर छत्रीखाली मैनुद्दीन शेतसंदीचं टेबल.
"कर्नाटकची काय बे? मग बस निवांत."
तिकडून ना हरकत यायची,
फॉर्म अठ्ठावीस, एकोणतीस, तीस,
पोलिसांचा दाखला, विमा, धुराचा कागद,
आणि टॅक्स.
"टॅक्स भरलाय की त्यांनी. जन्माचा."
"त्यो तिकडचा जन्म," मैनुद्दीन म्हणाला,
आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पाच महिने केए अठ्ठावीस घेऊन गावात फिरलो.
चौकात हवालदार पाटी बघून
मोडक्या कानडीत दम द्यायचा,
मी तेलुगूत गप्प बसायचो.

मी पूर्व भागातला. जेकार्डच्या पुठ्ठ्यांना
भोकं पाडतो, एकतीस वर्षं झाली.
एक भोक चुकलं
तर चादरीवरच्या मोराला तिसरा पाय येतो.
खिडकीतल्या बाईंनी माझ्या फायलीला पंच मारला,
तिरका.
मी बोललो नाही.
पण कळलं, कुठंतरी पाय येणार.

आला.
"विकणाऱ्याची सही जुळत नाही."

पुन्हा पूल. पुन्हा ताक.
दिवाळीनंतर गुरुपादप्पांचा उजवा हात गेलेला,
हे फोनवर त्यांनी सांगितलंच नव्हतं.
मागच्या वर्षीचं कॅलेंडर उलटं करून
त्यांनी पानभर सराव केला,
नीलव्वा मनगट धरून बसलेल्या,
मी फॅनच्या वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून
चारी कोपऱ्यांवर बोटं ठेवून.
सही झाली. शेवटचा प्पा
चौकटीबाहेर गेला.
म्हणाले, "चालंल का?"
मी म्हणालो, चालंल.
मला काहीच माहीत नव्हतं.

चाललं.
मग इन्स्पेक्शन. उन्हात बॉनेट उघडं,
मैनुद्दीननं चासीवर कागद धरला
आणि पेन्सिल आडवी करून घासत गेला,
आम्ही शाळेत चार आण्यावर घासायचो तशी.
काळ्यातून पांढरं एकेक वर आलं,
अक्षरं, आकडे, मिळून किती
ते मी घरच्या सवयीनं मोजलं. पदिहेडु.
साहेबांनी मान हलवली. जुळलं म्हणाले.

एमएच तेराची नवी पाटी बसली त्या दिवशी
बायकोनं लिंबू ठेवलं, चाकाखाली फुटलं.
जुनी पाटी भंगारात टाकू म्हणाली.
पण नीलव्वांनी तेवढी मागितली होती,
कशाला ते विचारायचं राहिलं.

रविवारी घेऊन गेलो.
गल्लीच्या तोंडाशी वेग कमी केला तेवढ्यात
कुठूनसं त्यांचं तांबडं कुत्रं धावत आलं,
पाटी बिटी न बघता
शेपूट हलवत आधी मागून, मग पुढून,
आणि थांबल्याबरोबर गाडीखाली शिरलं,
इंजिनाच्या बरोबर खाली, नेहमीच्या जागेवर असावं,
अंग टाकून डोळे मिटले.

गुरुपादप्पा डाव्या हातानं
दाराचा तो ओरखडा चाचपत होते.
त्याला उठवा असं ते म्हणाले नाहीत.
मीही नाही.
निघायला अंधार पडला.