आठची बॅटरी

चिपळूणच्या कोर्टात साहेबांनी विचारलं,
मी म्हटलं, आई.
विघ्नेश म्हणाला, बाबा.
साहेबांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं,
ह्या दोघांना कुणी पढवून आणलंय म्हणून.

कुणी नाही.
बाहेरच्या बाकावर चिक्कीचा तुकडा दातांनी दोन करताना
आम्हीच ठरवलं होतं.
विघू म्हणाला, बाबांना गॅस बंद करायचं लक्षात राहत नाही.
मी म्हटलं, आई रात्री दोनदा कडी तपासते,
तिसऱ्यांदा उठू नये म्हणून
कुणीतरी 'लावलेय गं' म्हणायला हवं.
झाली वाटणी.
मी बारा वर्षांची, तो नऊ.

आई दाभोळला, मामाच्या माडीवर,
शिलाईचं मशीन खिडकीशी.
बाबा पलीकडे धोपाव्याला, बर्फाच्या फॅक्टरीत.
मध्ये खाडी,
फेरीबोटीनं दहा मिनिटं,
कोर्टाच्या कागदावर महिन्यातले दोन रविवार.
कॅरम माझ्याकडे आला
आणि स्ट्रायकर त्याच्या खिशातून पलीकडे गेला.
मुद्दाम नेला असणार.
मीही पावडरचा डबा दिला नाही.

मग बॅटरी.
रोज रात्री आठला, जेटीच्या वरच्या वळणावरून तो,
माडीच्या खिडकीतून मी.
एकदा लुकलुक : जेवलो.
दोनदा : भात करपला.
तीनदा : बाईंनी मारलं, आईला सांगू नको.
मोजता येणार नाही इतक्यांदा, भराभर :
काही नाही, उगाच.
'ये' म्हणायला मात्र खूण ठेवली नव्हती.
ठेवली असती तर कधीतरी वापरावी लागली असती.

आई त्या वेळेला हमखास दिवा मालवायची
आणि मशीनला तेल घालत बसायची.
अंधारात.

नवरात्रात विघू तापानं पडला.
मला ठाऊक नव्हतं.
आठला उजेड आला, पण लुकलुकेना.
नुसता पेटलेला.
आधी पाण्यावर पडला, मग नांगरलेल्या होडीवर,
मग चाचपडत वर आला, आमच्या खिडकीपर्यंत,
आणि थरथरत तिथंच राहिला.
मी मोजायला बोटं उघडून बसले होते.
'मस्करी करतोय मेला,' म्हटलं.

आई मागे उभी होती, हातात तेलाची कुपी.
'तो विघू नाही.'
थोड्या वेळानं म्हणाली,
'लाद्या ओढून आलं की तासभर बोटं ताळ्यावर येत नाहीत.'
कुणाची, ते नाही म्हणाली.

मग माझ्या हातातली बॅटरी घेतली तिनं.
तेलकट बोटांना बटण लागेना.
लागलं तेव्हा पेटवली आणि धरून राहिली,
दळणाचा डबा धरावा तशी, दोन्ही हातांनी.
तिला आमची एकही खूण येत नव्हती.
त्यांनाही नाही.
खाली शेवटची फेरी लागली,
दोन रिक्षा आणि एक म्हैस उतरली,
म्हशीनं उतरायला फार वेळ घेतला.
'सेल संपतील गं,' मी म्हटलं.
'संपू देत.'

पुढे काही झालं नाही.
दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या पैशांनी सेल आणले,
माझ्या दप्तरावर ठेवले, आणि त्यावर एक शब्द नाही.
निकाल लागायचा तो लागला,
पुढच्या पावसाळ्याआधी.

त्या रविवारी विघू भेटला तेव्हा
गालफडं बसलेली, कपाळावर बर्फाच्या फडक्याचा वास.
स्ट्रायकर आणला होता. 'खेळायपुरता,' म्हणाला,
'जाताना परत नेणार.'
मग सोंगटी नेमता नेमता,
'त्या रात्री तिकडून काय सांगत होतीस?
बाबा म्हणत होते, बरंच लांबलचक होतं,
त्यांना काही कळलं नाही.'

मी पावडर उडवली बोर्डावर,
गरजेपेक्षा जास्त.
म्हटलं, भात करपला.